शब्द चुकला तर पुन्हा

सॅनपीट खोरे, युटा
रविवार, १२ फेब्रुवारी २०१२

चिरंजीव थेन,

ज्याच्या कृपेवाचून श्वास आत येत नाही आणि शब्द बाहेर पडत नाही, त्या पित्याची कृपा तुझ्यावर, सूनबाई जेनीलवर आणि नात मारिटवर असो. त्याच्या पुत्राची शांती तुझ्या दारात उभी राहो. मला तिथे उभे राहण्याची मुभा नसली तरी.

आता विषय. काल मंदिरातून बाहेर पडताना अध्यक्ष विमर यांनी मला गाडीपाशी गाठले. या परगण्यातल्या साऱ्या मंडळ्या त्यांच्या हाताखाली असल्या, तरी माणूस मूळचा दातांचा डॉक्टर. दुखणार आहे हे आधी कधी सांगत नाही.

“भाऊ थोरप, बर्फ यंदा कमीच पडलं, नाही?” म्हणाले, आणि त्याच दमात, “थेनला बोलावणं धाडलंय. पंचवीस मार्च. बारा जणांचं मंडळ निवाड्याला बसेल.”

“आरोप?”

“धर्मत्याग.”

“त्याने धर्म टाकलेला नाही. दर रविवारी तो मागच्या बाकावर बसतो.”

“बसतो हो. पण गप्प बसत नाही ना!”

तू काय लिहिलेस ते मी वाचले आहे. वाचले नाही असे मी जेनीलला सांगितले होते, ते खरे नव्हते. आपल्या आद्य संदेष्ट्याने, जोसेफने, पहिल्या दर्शनाचे वृत्तांत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे दिले. सुवर्णपत्र्यांचे भाषांतर पत्र्यांकडे न पाहता, टोपीत ठेवलेल्या दगडाकडे पाहून सांगितले. नवरे हयात असलेल्या स्त्रियांशीही विवाह केले. आणि ज्या इजिप्शियन गुंडाळ्यांतून आपला एक पवित्र ग्रंथ उतरला म्हणतात, त्या जाणकारांनी वाचल्या तेव्हा त्यांत मृतांच्या अंत्यविधीचे पाठ निघाले. हे सारे तू इंटरनेटवरच्या तुझ्या पानांवर मांडलेस. तेवढ्यावर थांबतास तर अध्यक्षांनी कदाचित कानाडोळा केला असता. पण वरच्या पुढाऱ्यांना हे ठाऊक होते आणि आम्हाला धडे देताना त्यांनी ते गाळले, असेही लिहिलेस. शेवटच्या पानावर तर या साऱ्याची समर्थने रचणाऱ्यांची झाडाझडती घेतलीस, आणि त्यांत पहिले नाव तुझ्या बापाचे.

मी लिहिलेल्या समर्थनाच्या पुस्तिकेची चिरफाड मी सोसेन. सोसणार नाही ते वेगळेच. एप्रिलमध्ये मारिट आठ वर्षांची होते. तिच्या बाप्तिस्म्याला तिला पाण्यात कोण उतरवणार? मंडळीबाहेर काढलेल्या माणसाला तो अधिकार उरत नाही. आणि मंदिरात अनंतकाळासाठी आपल्याला जी गाठ बांधली गेली, ती तुझ्या बाजूने सुटते. तुझ्या आईचे शेवटचे शब्द तुला माहीत आहेत. “लमोंट, मी पुढं जाऊन टेबल मांडते. एकही खुर्ची रिकामी नको हं.” मी तिला हो म्हटले आहे, थेन. मी त्या टेबलाशी कुठल्या तोंडाने जाऊ?

तुझा स्वतःचा बाप्तिस्मा आठव. मी तुला पाण्याखाली घेतले, वर आणले, तू खोकत होतास, आणि साक्षीदार म्हणून काठावर उभा असलेला, टर्की पक्षी पाळणारा आपला डेलोय ओरडला, “अंगठा! पायाचा अंगठा वर आला!” सारे अंग बुडाले नाही तर विधी झाला नाही. आई म्हणाली, “अहो, एका अंगठ्यापायी पोर बुडवाल!” पण तूच पुन्हा नाक धरलेस आणि मला म्हणालास, “बाबा, या वेळी नीट करा.”

ती पाने काढून टाक. एवढेच मागतो.

तुझा पिता,
लमोंट थोरप


रविवार, २६ फेब्रुवारी २०१२

चिरंजीव थेन,

कृपा आणि शांती.

नोव्हेंबरात आभारदिनाच्या जेवणावरून तू उठून गेलास, त्यानंतर काल प्रथमच तुझा आवाज ऐकला. फोनवर माणूस घाईने बोलतो आणि मला घाईत नीट उत्तर देता येत नाही. म्हणून आपले बोलणे जसे झाले तसे लिहून काढले आणि आता त्याला उत्तर देतो.

तू म्हणालास, “बाबा, पत्र मिळालं. अंगठ्याची गोष्ट जेनीलला वाचून दाखवली, हसली ती. पानं काढणार नाही.”

“का?”

“त्यात खोटं काय ते दाखवा. दाखवलंत की त्या क्षणी काढतो. लाल पेन्सिल आहे ना अजून?”

“वृत्तांत चार आहेत म्हणजे ते परस्परांना खोडतात असे नव्हे. बायबलातल्या सुवार्ताही चारच आहेत.”

“चार सुवार्ता चार जणांच्या नावावर आहेत, बाबा! इथं एकाच माणसाला एकच सकाळ चार वेळा वेगळी आठवलीय. पहिल्यांदा नुसता प्रभू दिसला, पुढं पिता आणि पुत्र दोघं. आणि हे तुम्ही चालवून घेता? तुम्ही?”

“मी म्हणजे?”

“मी सोळा वर्षांचा, तुम्ही बिशप. प्रभुभोजनाच्या भाकरीवरची प्रार्थना म्हणताना एक शब्द चुकलो, तुम्ही व्यासपीठावरून मान हलवलीत. पुन्हा म्हटली, पुन्हा चुकलो, पुन्हा मान. अख्खी सभा बघतेय. मागून कुणीतरी पुटपुटलं, आता पाव शिळा होतोय.”

“ती प्रार्थना अक्षरशः म्हणावी अशी आज्ञा आहे.”

“ग्रंथात तिथं द्राक्षारस आहे. आपण पाणी म्हणतो. तेव्हा मान हलवलीत कधी?”

मी फोन ठेवला नाही. तो माझ्या हातून ठेवला गेला. उत्तर नंतर सुचले: पाण्याची मुभा दुसऱ्या प्रकटीकरणात दिलेली आहे. हे इथे नमूद करतो, म्हणजे मला ठाऊक नव्हते असे तू म्हणू नयेस. आणि त्या दिवशी तुला तीनदा म्हणायला लावले याचा मला आजही खेद नाही. तू रडला नाहीस. नीट म्हणेपर्यंत उभा राहिलास.

असो. मी तुझी पाने छापून घेतली, लाल पेन्सिलीला टोक केले आणि लॅटिन शिकवताना मुलांच्या वह्यांकडे जसा पाहत असे तसा ओळीओळीने पाहत गेलो. टोपी आणि दगड: तू आधार दिला आहेस, आणि साक्ष आपल्याच लोकांची आहे, शत्रूंची नाही. गुंडाळ्या: तिथे मी पेन्सिल उचलली आणि खाली ठेवली. पण थेन, मला चूक सापडली! पहिल्या वृत्तांताविषयी लिहिताना तू त्या मुलाचे वय पंधरा लिहिले आहेस. चौदा! आपल्याकडे बोलायला शिकलेले पोरदेखील सांगेल की संदेष्टा वनात गुडघे टेकून बसला तेव्हा चौदा वर्षांचा होता. मारिटला विचार. ज्याला एवढे साधे वय नीट लिहिता येत नाही, त्याच्या बाकी लिखाणावर कोण विश्वास ठेवील?

तुझा शब्द तुला बांधील. चूक दाखवली, आता पाने काढ. मी आज कितीतरी दिवसांनी दोन घास नीट जेवलो.

तुझा पिता


रविवार, ११ मार्च २०१२

चिरंजीव थेन,

कृपा आणि शांती. दोन्ही मीच मागतो आहे, कारण माझ्यापाशी दोन्ही उरलेली नाहीत.

मी मूळ मजकूर काढून पाहिला. पहिल्या वृत्तांतात “वयाच्या सोळाव्या वर्षी” असे आहे. सोळावे वर्ष म्हणजे पंधरा पूर्ण. तू बरोबर होतास. चौदा हे नंतरच्या वृत्तांतातले, जे आपण मुलांना पाठ करायला लावतो. आयुष्यभर व्याकरण शिकवलेल्या माणसाने चालू वर्ष आणि पूर्ण वर्ष यांच्यात गल्लत केली नाही. त्याने पाहिलेच नाही. मला वाटले मला ठाऊक आहे.

मग मी अध्यक्षांच्या दवाखान्यात गेलो. रोग्यांच्या खुर्चीवरच बसलो, कारण दुसरी नव्हती.

“अध्यक्ष, त्याच्या लिखाणात मला खोटे सापडत नाही.”

“भाऊ थोरप, खोटं लिहिलंय असं मी कधी म्हणालो?”

“मग धर्मत्याग कशाचा?”

“अहो, कीड कुठं आहे ते मलाही दिसतं. म्हणून चौकात उभं राहून तोंड वासून दाखवायचं?” मग आवाज उतरला. “माझी म्हातारी आई आहे. ऐंशी वर्षं याच्यावर उभी आहे ती. तिच्या पायाखालचं काढून घेऊन तिला मी काय देऊ, सांगा. थेनकडं आहे काही द्यायला?”

आता हेच मी तुला विचारतो. तुझ्यापाशी आहे का? हा प्रश्न मी तुला डिवचायला विचारत नाही. मला खरोखर हवे आहे ते उत्तर.

त्यांनी एक वाट दाखवली. एक ओळ, खाली सही, आणि मंडळ बसणार नाही: “मी मंडळीच्या इतिहासाविषयी चुकीची विधाने केली, याचा मला खेद आहे.” तो कागद घेऊन मी तुझ्या दारी आलो. तू मला आत बोलावले नाहीस, पण दारही लावले नाहीस, एवढ्याने माझी आशा वाढली.

“वाचलंत ना हे तुम्ही?” तू विचारलेस. “यातला ‘चुकीची’ हा शब्द बरोबर आहे?”

“थेन, एक सही. हात जोडतो. मारिटसाठी कर.”

“मारिट आत दात घासतेय. तिला बोलवू? तिच्यासमोर सही करायला सांगाल?”

मी कागद परत घेऊन खिशात घातला.

“मला साक्षीदार आणता येतो, बाबा. तुम्ही या. माझी बाजू नका घेऊ. नुसतं येऊन सांगा, यातलं कुठलं वाक्य खोटं आहे.”

मी येणार नाही. कसा येऊ? मी तुझ्या बाजूने बसलो तर त्या टेबलाशी दोन खुर्च्या रिकाम्या राहतील, आणि तुझी आई, माझी नेल्डा, एकटी बसेल, अनंतकाळ, तीही माझ्या भरवशावर. तुला ही कथा वाटते. मला नाही. तुला माझ्याहून जास्त इतिहास येतो, पण ती गेल्यापासून सकाळी उठून मी कशाच्या आधाराने बूट घालतो हे तुला येत नाही.

परतताना डेलोयच्या टर्कीच्या शेडपाशी गाडी थांबवून मी तुझी सही करून पाहिली. तुझे पहिले अक्षर माझ्याच वळणाचे आहे. सही हुबेहूब जमली. तिच्याकडे बघत बसलो, आणि मग कागदाचे तुकडे केले. बापाने काय काय करून पाहिले ते तुला कळावे म्हणून लिहितो. सही कर. नको करूस. मला काही कळेनासे झाले आहे. सही कर.

लमोंट


सोमवार, २६ मार्च २०१२

चिरंजीव थेन,

काल मी जे बोललो ते तू ऐकलेस. पण माझी जीभ कोरडी पडली होती, शब्द मागेपुढे झाले, आणि शब्द चुकला तर पुन्हा म्हणावे हे मीच तुला शिकवले. म्हणून पुन्हा म्हणतो. या वेळी नीट.

येणार नाही असे लिहूनही मी आलो, आणि तू आत होतास तेव्हा बाहेर घडीच्या खुर्चीवर बसलो होतो. चिठ्ठ्या काढून बारा जण आत जात होते. सम आकडा येईल त्याने आरोपीवर अन्याय वा अपमान होऊ नये हे पाहायचे, असा जुना नियम आहे. आणि नियम सुंदर आहे, हे तूही मान्य करशील. डेलोय माझ्यापाशी आला आणि छातीजवळ दोन बोटे धरून दाखवली. चेहरा पांढरा.

“लमोंट, मला दोन आलाय! बोलावं लागणार. मला टर्कीशिवाय कशावर बोलता येतं का?”

“तो विधवांच्या दारातला बर्फ काढतो, हे सांगता येईल?”

“हां. ते येईल. माझ्याही दारातला काढला होता. मी विधवा नाही तरी.”

मग मला आत बोलावले. मी हे म्हणालो, किंवा म्हणायला हवे होते:

“बंधूंनो, माझ्या मुलाच्या लिखाणावर मी लाल पेन्सिल घेऊन बसलो. मला एकच चूक सापडली, आणि ती माझी निघाली. त्याच्या लिहिण्याने माझे घर मोडले आहे. त्याने ते अधिक मायेने लिहायला हवे होते, आणि तो तरुण आहे. पण आपल्याकडे भाकरीवरच्या प्रार्थनेत एक शब्द चुकला, तर बिशप मान हलवतो आणि म्हणणारा पुन्हा म्हणतो. त्या बिशपला कुणी धर्मत्यागी म्हणत नाही. बाप्तिस्म्यात पायाचा अंगठा वर राहिला, तर साक्षीदार ओरडतो आणि आपण पुन्हा बुडवतो. त्या साक्षीदाराला कुणी बाहेर काढत नाही. तो तुमच्यातच बसला आहे. जे लोक एका शब्दासाठी प्रार्थना पुन्हा म्हणतात, त्यांनी आपली गोष्ट चुकीची सांगितली आहे. माझ्या मुलाने मान हलवली, एवढेच. शब्द चुकला. पुन्हा म्हणा.”

डेलोयने डोळे पुसले. अध्यक्षांनी रागावून नाही, अगदी मवाळपणे विचारले, “भाऊ थोरप, ही मंडळी खरी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे ना?”

आपल्याकडे “मी मानतो” असे कुणी म्हणत नाही. “मला ठाऊक आहे” म्हणतात. मूल उभे राहू लागले की बाप त्याच्या कानात ते सांगतो आणि ते माइकपाशी म्हणते. मीही तुझ्या कानात सांगितले होते. खोलीतले सारे माझ्या तोंडून तेच तीन शब्द पडण्याची वाट पाहत होते. थेन, तूसुद्धा. तू मान खाली घातली होतीस.

“माझा देवावर विश्वास आहे, अध्यक्ष,” मी म्हणालो. “‘ठाऊक’ हा शब्द आज मला नेमका वाटत नाही.”

पुढचे तुला माहीत. त्यांनी तुला मंडळीबाहेर काढले, आणि मग बाराच्या बारा जणांनी तुझा हात हातात घेतला. काय लोक आहेत आपले! तू बाहेर आलास, “झालं, बाबा,” म्हणालास, आणि माझ्या गाडीच्या काचेवरचे दव गोठले होते ते खरवडून दिलेस. मी आत बसून पाहत होतो. काच स्वच्छ होत गेली तसा तुझा चेहरा दिसत गेला.

रात्रभर नेल्डाशी बोललो. तिने उत्तर दिले नाही. पूर्वी देत असे.

तुझा पिता


शुक्रवार, १३ एप्रिल २०१२

चिरंजीव थेन,

कृपा. आज पुन्हा तिच्यापासूनच सुरुवात करतो.

उद्या मारिटचा बाप्तिस्मा. पाण्यात उतरवायला तिने माझे नाव सांगितले आणि बिशपने होकार दिला. माझ्याविषयी परगण्यात काय बोलले जाते ते त्याने ऐकले नसेल असे नाही. मे महिन्यात माझ्या मंदिरात जाण्याच्या परवान्याची मुलाखत आहे. तिथे अध्यक्ष तोच शब्द पुन्हा विचारतील, आणि मी काय म्हणेन हे मला माहीत नाही. कदाचित मंदिराचे दार मला मिटेल, आणि ज्या खोलीत तुझ्या आईशी माझी गाठ बांधली गेली ती मला या जन्मी पुन्हा दिसणार नाही. मला भीती वाटते. म्हातारपणी माणूस भीतीला सरावतो म्हणतात. मी सरावलो नाही.

काल जेनीलने मारिटला माझ्याकडे सोडले. गाजर घातलेली जेली खाता खाता तिने माझ्या हातांकडे पाहिले.

“आजोबा, तुमचे हात थरथरतात. मला पाण्यात सोडणार नाही ना?”

“नाही सोडणार.”

“बाबांचे थरथरत नाहीत. मग ते का नाही?”

मी चार भाषांतले पवित्र ग्रंथ वाचले आहेत. त्यांत उत्तर शोधत बसलो. म्हातारा अडला आहे हे तिला कळले असावे, कारण तिने प्रश्नच सोपा केला.

“बरं, मग ते उभे कुठं राहणार?”

थेन, या प्रश्नाचे उत्तर मला सापडले आहे. उद्या तू पायऱ्यांपाशी टॉवेल घेऊन उभा राहा. टॉवेल धरायला अधिकार लागत नाही; मी नियम पाहिले आहेत. नेमलेले दोन साक्षीदार काठावर असतील, त्यांत एक डेलोय. ते पाहायचे ते पाहतील आणि विधीपुरती त्यांची मान मोजली जाईल. पण तिला वर आणल्यावर मी त्यांच्याकडे पाहणार नाही. मी तुझ्याकडे पाहीन. तुला अंगठा दिसला, केस दिसला, फ्रॉकची कडा दिसली, तर मान हलव. अख्खी मंडळी पाहत असली तरी हलव. मी शब्द पुन्हा म्हणेन आणि तिला पुन्हा खाली नेईन, तू होकार देईपर्यंत.

आई टेबलाशी वाट पाहत असेल तर तिला मी सांगेन की खुर्ची भरलेली नाही, पण पोर दाराशी टॉवेल घेऊन उभे होते. ती काय म्हणेल हे मला ठाऊक नाही. मी मानतो की ती तुला आत बोलावेल.

ही पत्रे तुझ्या त्या पानांवर ठेवायची असतील तर ठेव. एक शब्दही बदलू नकोस. आणि जो कोणी ती वाचील, आतल्या बाकावरचा असो वा दाराबाहेरचा, ज्याला ठाऊक आहे तो आणि ज्याला ठाऊक नाही तो, अध्यक्षांची म्हातारी आई आणि तिच्या पायाखालचे काढणारे, त्या सर्वांवर पित्याची कृपा असो. ज्याचा शब्द चुकला त्याला तो पुन्हा म्हणण्याचे बळ मिळो, आणि पुन्हा म्हणेपर्यंत त्याची वाट पाहणारे कुणीतरी मिळो. आमेन.

तुझा पिता,
लमोंट